सापाची भीती आणि सापासाठी भीती

मनुष्यजातीच्या मनात सापाविषयी जे भय आहे ते इतके जुने, इतके सार्वत्रिक, आणि धर्म, पुराणे व लोककथा यांनी पिढ्यानुपिढ्या इतके जोपासलेले आहे की, त्याच्या नेमके उलट दिशेचे एक भय, म्हणजे सापालाच काही होईल की काय हे भय, गेल्या काही दशकांत जगातील हजारो घरांत मुक्कामाला येऊन राहिले आहे, याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेलेली नाही. इंग्लंड, अमेरिका, जर्मनी अशा देशांत काचेच्या पेटीत साप पाळणारी माणसे आता विरळ नाहीत. आणि त्या पेटीतील प्राण्याने एखाद्या आठवड्याचे भक्ष्य नाकारले, किंवा त्याच्या श्वासाचा किंचित आवाज आला, म्हणजे मध्यरात्री उठून दिवा लावून त्याच्याकडे पाहत बसणारे गृहस्थही विरळ नाहीत. या दृश्याला हसणे सोपे आहे, पण मला त्यात नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिलेला दिसतो: दुसऱ्याच्या दुःखाच्या नुसत्या शंकेने व्याकूळ होणे आणि त्या दुसऱ्यावर दया करणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय?

माझी एक भाची नोकरीनिमित्त लेस्टरला राहते. तिने एक बॉल पायथन पाळला आहे. हा पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या मुलखांतला, अजगराच्या कुळातला पण जेमतेम चार-साडेचार फूट लांबीचा, बिनविषारी आणि स्वभावाने इतका भित्रा साप आहे की संकट आले असता फणकारण्याऐवजी तो डोके आत घेऊन अंगाची गोल गुंडाळी करतो. समुद्रमंथनाच्या वेळी मंदराचलाला वेढा घालणाऱ्या वासुकीचे नाव तिने या जीवाला का द्यावे हे मला अद्याप उलगडलेले नाही. मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवले, या कारणाने या वासुकीच्या प्रकृतीच्या तक्रारी माझ्याकडे दूरध्वनीने रुजू होतात. एकदा रात्री तिचा आवाज रडवेला होता. "मामा, त्याचे डोळे पांढरेफटक झालेत. अंगाचा रंग गेलाय, उंदीर समोर धरला तरी बघत नाही. आंधळा होतोय का हो तो?" मी म्हटले, "अगं, तो कात टाकणार आहे. पाणी भरून ठेव, पेटीत ओलावा राहू दे, आणि आठवडाभर त्याला हात लावू नकोस." यावर क्षणभर थांबून ती म्हणाली, "म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

तिच्या या प्रश्नात जी दुखावलेली छटा होती तिच्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. काहीच न करणे तिला निर्दयपणाचे वाटले होते.

सापाला पापण्या नसतात. त्यांच्या जागी डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि कात टाकताना अंगाच्या त्वचेबरोबर तोही निघून जातो. जुन्या व नव्या त्वचेच्या दरम्यान द्रव साठू लागला म्हणजे हा खवला निळसर-दुधी दिसतो, अंगावरची नक्षी मळकट होते, साप काही दिवस जवळजवळ आंधळा होतो, आणि आंधळ्या अवस्थेत शिकार करण्याचे साहस निसर्गाने त्याच्या स्वभावात घातलेले नसल्यामुळे तो उपाशी राहतो. पुढे डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांनी नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध कात पेटीत पडलेली आढळते. म्हणजे नवख्या पालकाला ज्या लक्षणांनी मरणाची चाहूल लागल्यासारखे वाटते ती बहुधा वाढीची लक्षणे असतात. उपवासाचेही तसेच आहे. या जातीचा निरोगी, पोसलेला, वयात आलेला साप हिवाळ्यात किंवा विणीच्या हंगामात महिनोन्‌महिने भक्ष्य नाकारतो आणि त्याच्या वजनात नाव घेण्याजोगी घट होत नाही. अमेरिकेतील सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात याच जातीच्या एका मादीने २०२० साली, वयाच्या सुमारे ६२ व्या वर्षी, नराच्या सहवासावाचून अंडी घातली. इतके दीर्घायुष्य लाभू शकणाऱ्या प्राण्याच्या दृष्टीने एक महिन्याची लंघने ती किती!

परंतु अडचण अशी की साप आपली कैफियत मांडू शकत नाही. कुत्रा कण्हतो, मांजर अंग चोरते, गाय हंबरते, आणि आजारी मूल तर सारे घर डोक्यावर घेते. सापाला रडण्याजोगा कंठ नाही, त्याच्या चेहऱ्यावर वेदनेची सुरकुती उमटण्यास जागा नाही, आणि आपल्यासारखे श्वासपटल नसल्यामुळे छातीत कफ साठला तरी तो खोकूनही सांगू शकत नाही. साक्ष नाही, पुरावा अपुरा, फिर्यादी मुका. अशा खटल्यात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला मनुष्य स्वतःच्या मनातील भीतीलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो, आणि ती जे सांगेल ते सत्य मानून हुकूम सोडतो.

येथे मला बुद्धघोषाचार्यांची आठवण होते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचला; गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी त्याच्या संपादनासाठी हार्वर्डपर्यंत जाऊन किती परिश्रम घेतले हे मराठी वाचकांना सांगावयास नको. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना पातंजल योगसूत्रांतही येतात. पण पतंजलींनी चौथीची योजना पापी मनुष्याबद्दल केलेली आहे, तर बौद्धांनी तिला सर्व प्राणिमात्रांकडे पाहण्याची समबुद्धी मानून शेवटचे आणि सर्वांत कठीण आसन दिले आहे. बुद्धघोषांनी या चर्चेत एक असा भेद केला आहे की ज्याला मानसशास्त्राच्या इतिहासात मानाचे पान मिळावे. प्रत्येक भावनेला दोन शत्रू असतात, एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. त्याला ओळखणे सोपे, कारण तो उघडपणे समोरून येतो. तिचा जवळचा शत्रू मात्र शोक आहे, प्रपंचातील आसक्तीतून उपजणारी मनाची खिन्नता आहे. आणि तो करुणेसारखाच दिसत असल्यामुळे तिच्याच घरात, तिचेच कपडे घालून, बिनदिक्कत वावरतो. समबुद्धीचेही असेच: राग-द्वेष हा तिचा दूरचा शत्रू, आणि अज्ञानातून आलेली बेपर्वाई हा जवळचा.

लेस्टरच्या त्या रात्रीच्या दूरध्वनीत करुणा होती की तिचा हा जवळचा शत्रू होता? दोन्ही होते असे मला वाटते, आणि त्यांची निवड करण्याची एक कसोटी मला त्यानंतर सुचली. जो उपाय मनात येतो तो कोणाचे दुःख शमविण्यासाठी आहे, हे आपण स्वतःस विचारावे. कात पूर्ण न निघता डोळ्यावरचा जुना खवला तसाच राहिला असता पुष्कळ पालक चिमटा घेऊन तो ओढावयास जातात, आणि खालच्या डोळ्याला कायमची इजा करून बसतात. वास्तविक पेटीतील आर्द्रता वाढवून वाट पाहिली तर बहुतेक वेळा पुढच्या कातीबरोबर तो आपोआप निघून येतो. न खाणाऱ्या सापाच्या जबड्यात बळेच उंदीर कोंबला तर धसक्याने तो आणखी काही आठवडे खात नाही. खाल्लेले ओकून टाकले म्हणून लगेच दुसरे भक्ष्य पुढे केले तर जठराला सावरण्याची फुरसतच मिळत नाही. तेथे दहा-पंधरा दिवसांचा विसावा आणि नंतर लहानसे भक्ष्य हाच खरा उपचार. या साऱ्या प्रसंगी इलाज सापावर होतो आणि आराम मालकाला पडतो.

आपल्याकडे हे नवीन नाही. श्रावणात गारुड्याच्या टोपलीतील नागापुढे दुधाची वाटी ठेवणाऱ्या गृहिणीच्या मनात क्रौर्याचा लेश नसतो. पण साप हा सस्तन प्राणी नव्हे. दूध पचविण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. आणि तो ते पितो याचे कारण एवढेच की गारुड्याने त्याला आधी कित्येक दिवस पाण्यावाचून तहानलेला ठेवलेला असतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला जिवंत नाग पकडून मडक्यात ठेवण्याची व त्यांची मिरवणूक काढण्याची जी प्रथा गोरक्षनाथांच्या नावाने सांगितली जाते, तिला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी केली तेव्हा श्रद्धेचा अपमान झाला अशी ओरड झाली. नागांची प्रकृती मडक्यात कशी राहत असेल हा विचार त्या ओरडीत फारसा नव्हता. तुलनेने, ज्या घरांत पाटावर चंदनाने नाग रेखाटून किंवा मातीचा नाग आणून पूजा होते, आणि त्या दिवशी जमीन खणावयाची नाही, काही चिरावयाचे नाही, तवा चढवावयाचा नाही अशी बंधने पाळली जातात, त्या घरांतील धर्मबुद्धी मला अधिक सूक्ष्म वाटते. तेथे सापासाठी काही करावयाचे नसते, उलट स्वतःचा हात एक दिवस आवरावयाचा असतो.

श्वेतांबर जैन परंपरेत चंडकौशिक नावाच्या महाविषारी सर्पाची कथा आहे. महावीरांना दंश करूनही ते शांत राहिलेले पाहून त्याला उपरती झाली, आणि कोणाला इजा होऊ नये म्हणून तोंड बिळात घालून तो निश्चल पडून राहिला. साप निरुपद्रवी झाला हे कळल्यावर लोक पूजेस आले, त्यांनी त्याच्या अंगाला तूप लावले. तुपाच्या वासाने मुंग्या आल्या, आणि त्या मुंग्यांनी त्याचे शरीर पोखरले. कथाकाराचा रोख सर्पाच्या क्षमाशीलतेकडे आहे. माझे लक्ष दर वेळी त्या तूप लावणाऱ्या भाविकांकडे जाते. त्यांची भक्ती खरी होती, द्रव्य शुद्ध होते, हेतू निर्मळ होता; सापाला काय हवे आहे एवढेच त्यांतील कोणी विचारले नाही.

वासुकीचे जातभाई बेनिन देशातील विदा या समुद्राजवळच्या गावी देवता म्हणून पूजिले जातात, ही गोष्ट भाचीला माहीत नव्हती. तेथील अजगरांच्या देवळात हेच लहानखुरे साप डझनांनी असतात, त्यांना भक्ष्य शोधण्यासाठी बाहेर सोडतात, आणि एखादा फिरत फिरत कोणाच्या घरात शिरला तर तो शुभशकुन समजून त्याला आदराने देवळात परत पोहोचवितात. समोरच रोमन कॅथलिकांचे मोठे चर्च आहे, आणि दोन्ही देवांचा शेजार निभावला जातो. याच मुलखातून परदेशच्या बाजारांसाठी याच जातीचे साप मोठ्या संख्येने रवाना होतात, ही याच कहाणीची दुसरी बाजू. देव आणि माल या दोन पदव्या एकाच प्राण्याला एकाच देशात मिळाव्यात!

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की साप पाळणाऱ्याने स्वस्थ बसावे, तर तो बुद्धघोषांच्या दुसऱ्या जवळच्या शत्रूच्या तावडीत सापडला असे मी म्हणेन. काही लक्षणांपुढे वाट पाहणे हा अपराधच होय. साप तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागला, नाका-तोंडाशी फेस किंवा बुडबुडे दिसले, श्वासाला घरघर लागली, तर ते फुप्फुसाच्या विकाराचे चिन्ह होय, आणि खोकण्याची सोय नसलेल्या देहात तो विकार मुरत जातो. पुन्हा पुन्हा ओकणे, मान वर करून आकाशाकडे टक लावणे व उलटे झाले असता सुलटे न होता येणे, वजनात दहाव्या हिश्शाहून अधिक घट होणे, पाण्याच्या भांड्यात गोचिडीच्या जातीचे बारीक काळे किडे तरंगताना दिसणे, या सर्व प्रसंगी सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे विनाविलंब गेले पाहिजे. पालकाने स्वतःच्या हातांचीही चिंता वाहावी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात, साबणाने हात धुणे पुरेसे असते, आणि पाच वर्षांखालील मुलांना साप हाताळू न देणे शहाणपणाचे. परंतु यातील मुख्य मुद्दा असा की, केव्हा थांबावे आणि केव्हा धावावे हे अंतःकरणाच्या कोमलतेवरून ठरत नाही, ज्ञानावरून ठरते. मी भाचीला एक नोंदवही ठेवावयास लावली आहे: भक्ष्याची तारीख, कातीची तारीख, दर आठवड्याचे वजन, पेटीच्या उष्ण व थंड बाजूंचे तापमान. हे दप्तर काहींना रूक्ष वाटेल, पण मुक्या अशिलाची वकिली करावयाची तर दप्तराखेरीज दुसरे साधन नाही. आणि ती नोंद ठेवू लागल्यापासून तिचे दूरध्वनी कमी झाले, हे मला सांगितलेच पाहिजे. भीतीचा बराचसा भाग हा माहितीच्या अभावाचा दुसरा अवतार असतो.

मात्र खरा प्रश्न याच्याही मागे जातो. १९७० च्या दशकात अमेरिकेतील वाळवंटी इग्वानांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की रोगजंतूंचा संसर्ग झालेला इग्वाना स्वतः होऊन अधिक उष्ण जागा शोधतो आणि अशा रीतीने स्वतःच्या अंगात ताप आणतो. ज्यांना ती उष्णता मिळू दिली नाही त्यांतील कितीतरी अधिक दगावले. शीतरक्ताच्या प्राण्याचे औषध असे उन्हातच असते, आणि ते घ्यावयास तो रानात कोणाची परवानगी मागत नाही. त्याला पेटीत ठेवणारा मनुष्य मात्र ऊन, सावली, पाऊस आणि ऋतू या सर्वांचा मक्ता स्वतःकडे घेतो. ज्याने सूर्याचा अखत्यार आपल्या हाती घेतला त्याला थर्मोस्टॅट बिघडल्याच्या भयाने झोप न येणे हे मला त्या मक्त्याचा सारा वाटतो, आणि तो भरणे न्याय्यच आहे.

या मक्त्याच्या नैतिकतेवर एका कैद्याने येरवड्याच्या तुरुंगात बसून लिहिले आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास तेथे सांगावयास घेतला, आणि त्यात १९१० साली जोहान्सबर्गजवळ सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवरील एक प्रसंग दिला. त्यांचे मित्र कालेनबाख यांनी सापांवरील पुस्तके जमवून त्यांचा अभ्यास चालविला, आणि एक नाग पकडून पिंजऱ्यात ठेवला. त्याला ते स्वतःच्या हाताने खाऊ घालीत. गांधीजींनी हळुवारपणे हरकत घेतली ती अशी की, आपला मित्रभाव नागाला समजेलच असे नाही, कारण त्यात भीती मिसळलेली आहे. तो मोकळा असता त्याच्याशी खेळण्याची आपली छाती नाही. आणि त्याच्या सवयी पाहण्याच्या हौसेखातर त्याला कैद करणे हा एक प्रकारचा भोगच झाला, खऱ्या मैत्रीत त्याला जागा नाही. कालेनबाखना हे पटले, पण सोडवेना. गांधीजींनी सक्ती केली नाही, आणि स्वतःलाही नागाविषयी कुतूहल होते अशी प्रांजळ कबुली त्यांनी देऊन ठेवली आहे. दोन-चार दिवसांतच एका सकाळी पिंजरा रिकामा आढळला. नाग आपणच निघून गेला होता, आणि दोघांनाही आनंद झाला.

हा युक्तिवाद मला निरुत्तर करणारा वाटतो, पण वासुकीच्या बाबतीत त्याची अंमलबजावणी करता येत नाही. तो पिंजऱ्यातच अंड्यातून बाहेर आला; इंग्लंडच्या पहिल्याच थंडीत तो उघड्यावर मरेल. टॉलस्टॉय फार्मवरील नागाला स्वतःचे रान जवळ होते, याला नाही. त्याचे दार उघडणे हा आता भोगाहून वाईट असा त्याग ठरेल, आणि म्हणून त्याचा सांभाळ हे फेडत राहावयाचे ऋण आहे, कदाचित चाळीस-पन्नास वर्षांचे. त्यात आणखी एक बाजू आहे जी भाचीच्या शाकाहारी मातोश्रींना पहिल्या दिवशीच दिसली: घरच्या शीतपेटीत मटारांच्या पिशवीशेजारी गोठलेले उंदीर पाहून त्यांनी विचारले, की एका जिवाची एवढी काळजी आणि दुसऱ्याची मोजदादसुद्धा नाही? मांसाहारी प्राणी पाळणाऱ्याजवळ या प्रश्नाला उत्तर नाही. सापाला दोष देता येत नाही, पण त्याला पोसण्याचे ठरविणाऱ्याला तो दोष सापाच्या निसर्गावर ढकलताही येत नाही.

तेव्हा माझे मत असे: ज्याच्या पदरी असा प्राणी आलाच आहे त्याने शास्त्र शिकावे, नोंद ठेवावी, आणि आपला हात आवरण्याची सवय करावी, ज्याच्या पदरी अद्याप आलेला नाही त्याने तो आणू नये. भारतात तर देशी साप पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, मग तो नाग असो की निरुपद्रवी धामण, आणि परदेशी जातींसाठी सरकारदरबारी नोंदणी लागते. महाराष्ट्रातील वाचकांनी येत्या नागपंचमीला दारात टोपली घेऊन आलेल्या गारुड्याला दूध किंवा पैसे देऊ नयेत. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर खबर द्यावी.